डायपर रॅश जातो आणि दहा दिवसांत परत येतो – लेक २० महिन्यांची, घोडबंदर रोड

चाफा | सोमवार, रात्री ११:४५

लेक आत्ता कुठे झोपली, म्हणून लिहायला बसलेय. जूनपासूनची ही चौथी खेप आहे आणि मला आता काही सुचेनासं झालंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा कान दुखायला लागला, ताप आला. डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं सायरप. कान बरा झाला, पण तिसऱ्या दिवसापासून पातळ शी सुरू झाली, दिवसाला पाच-सहा वेळा. त्यात ढुंगण लाल झालं. नेहमीचं झिंकचं क्रीम लावलं. एरवी ते दोन दिवसांत काम करतं, या वेळी ढिम्म. बिल्डिंगखालच्या मेडिकलमध्ये विचारलं तर त्यांनी एक ट्यूब काढून दिली, "सगळ्यावर चालते, लहान मुलांनाही देतो" म्हणाले. आणि खरंच, दोन दिवसांत सगळं साफ! मला तर देव पावल्यासारखं वाटलं. दहा-बारा दिवसांनी परत. परत ट्यूब, परत साफ, परत रॅश. दर खेपेला आधीपेक्षा जास्त पसरतोय.

आत्ता कसं दिसतंय ते सांगते. दोन्ही जांघांच्या वळ्यांत लालभडक, ओलसर, चकाकणारं. कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल सुटलीये. आणि त्या लाल भागापासून जरा लांब, ओटीपोटावर आणि मांडीवर, मोहरीएवढे सुटे सुटे लाल ठिपके. डायपरची पट्टी सोडल्याचा 'चर्र' आवाज झाला की ती आधीच पाय आवळून घेते आणि "बाऊ, बाऊ" म्हणत माझा हात ढकलते. आज संध्याकाळी तिला शू झाली तेव्हा उभ्याउभ्या थरथरली. बघवत नाही हो.

मी ऐरोलीला नोकरीला, ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सात पाळणाघरात. सासूबाई गावाहून फोनवर रोज सांगतात की डायपर आधी बंद कर. पाळणाघरात सांगतात की डायपरशिवाय ठेवून घेणार नाही. मध्ये मी.

ही ट्यूब परत लावू का? बालरोगतज्ज्ञांना दाखवू की त्वचेच्या डॉक्टरांना? कापडी लंगोट खरंच बरे का?

भातुकली | सोमवार, रात्री ११:५८

अगं चाफा, आधी एक काम कर. ट्यूब उलटी कर आणि मागे बारीक अक्षरांत काय काय औषधं लिहिलीत ते इथे टाक. ते कळेपर्यंत लावू नकोस. आणि तिला रात्रीपुरतं डायपर काढून दुपट्यावर झोपव. खाली रबरी चादर घाल, शू झाली तर झाली.

मोगरा_नौपाडा | मंगळवार, सकाळी ६:२०

बाळ, मी चार नातवंडं वाढवलीत, म्हणून लिहिते. आमच्या वेळी घरात जुन्या सुती साड्यांचे लंगोट असायचे. ओला झाला की काढला, दुसरा बांधला. पोराचं अंग कधी ओलं राहायचं नाही. हे डायपर सहा सहा तास तसंच अंगावर राहतं, मग कातडी कुजेल नाही तर काय होईल? सकाळी अर्धा तास गॅलरीत कोवळ्या उन्हात उघडं खेळू दे, आंघोळीनंतर टिपून घे, मग खोबरेल लाव. पावडर मात्र अजिबात नको. घामात तिचे गोळे होतात, वळ्यांत अडकतात, आणि मूल नाकावाटे ओढतं ते वेगळंच.

माझ्या थोरल्याला असंच झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी जांभळं औषध लावायला दिलं होतं. सगळे लंगोट जांभळे झाले होते. आता ते देतात की नाही ठाऊक नाही.

चाफा | मंगळवार, सकाळी ८:०५

धन्यवाद आजी. तुमच्या शब्दांनीच निम्मं बरं वाटलं.

भातुकली, ट्यूबवर लिहिलंय: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. वर लाल रेघ आहे. म्हणजे?

गोळीवाली | मंगळवार, सकाळी ९:३०

चाफा, मी फार्मसिस्ट आहे, नेरूळला दुकानात बसते. कृपया ती ट्यूब आजपासून बाजूला ठेव, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत ने.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं आहेत. मायकोनॅझोल बुरशीवरचं, निओमायसिन जिवाणूंवरचं, आणि क्लोबेटासोल हे स्टेरॉइड. स्टेरॉइडही साधंसुधं नाही. लावायच्या स्टेरॉइडमध्ये जे सर्वांत तीव्र धरतात, त्यातलं हे. स्टेरॉइड काय करतं, तर त्वचेचा दाह दाबून टाकतं. लाली जाते, खाज जाते, मूल शांत होतं आणि आईला वाटतं बरं झालं. पण बुरशी दोन दिवसांत मरत नाही. तिला पुरते दिवस औषध लागतं. तू लाली गेली की ट्यूब थांबवलीस, बुरशी तिथेच राहिली. उलट स्टेरॉइडमुळे त्या जागेची लढायची ताकद कमी झाली, म्हणून ती पुढच्या खेपेला जास्त पसरली. तुझ्या चार खेपा या चार नसाव्यात, एकच असावी. मधे मधे झाकली गेलेली.

त्यात डायपर. डायपरखाली त्वचा बंदिस्त, ओली आणि गरम असते, त्यामुळे मलम उघड्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आत शोषलं जातं. लहान मुलाची त्वचा मुळातच पातळ. तीव्र स्टेरॉइड असं आठवडेच्या आठवडे लावलं तर त्वचा आणखी पातळ होते, आणि ते रक्तात उतरून चेहरा सुजल्यासारखा गोल होणं, वाढ थबकणं इथपर्यंत गेलेली बाळं डॉक्टरांनी पाहिलेली आहेत. तू दोन-दोन दिवसच लावलंयस, त्यामुळे घाबरू नकोस. पण किती वेळा, किती दिवस लावलं हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. लपवू नकोस.

ती लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नव्हे. लावायच्या स्टेरॉइडची मलमं पूर्वी पळवाटेने सर्रास विकली जायची, २०१८ साली सरकारने त्यातली १४ स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये, म्हणजे फक्त चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या यादीत, घालून ती पळवाट बंद केली. तरी काउंटरवर अजून हात पुढे केला की ट्यूब मिळते. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहितेय आणि लिहिताना वाईट वाटतंय. आमच्याकडे रोज दोन-तीन आया "ती सगळ्यावर चालणारी ट्यूब" मागतात. नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात.

ठाणेकर_बाबा | मंगळवार, दुपारी १:१५

आमच्याकडे मुलाला असंच सतत व्हायचं, तेव्हा लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. तुम्ही घोडबंदरला म्हणजे सोसायटीत टँकर येत असणार. आमच्याकडेही टँकर आणि बोअरचं पाणी मिसळून येतं. कपडे धुतले की साबण निघतच नाही. आम्ही लंगोट धुवायचो, वर जंतू मरावेत म्हणून शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालायचो, वर वासाचं सॉफ्टनर. मुलाच्या अंगाला चोवीस तास हे सगळं लागलेलं. बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही बंद करायला लावलं. साधी पावडर, तीही निम्मी, आणि साध्या पाण्यातून दोनदा जास्त खळबळून काढा म्हणाले. वास येणारे वाइप्सही बंद. घरी मगातलं कोमट पाणी आणि हात, बाहेर जाताना ओला केलेला सुती रुमाल.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत हा खरा छळ आहे. हाताला कोरडे लागतात पण शिवणीत ओल असते. आम्ही प्रत्येक लंगोट गरम इस्त्रीखालून काढायचो. रात्री साडेअकराला मी इस्त्री करत उभा असायचो.

पावसाळी | मंगळवार, रात्री १०:५०

चाफा, तुझं वर्णन वाचून माझाच दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठवला. तेव्हा आम्ही ऐरोलीला सेक्टर ८ मध्ये होतो. जुळे, दोघांनाही एकदम. जरा सविस्तर लिहिते.

आमच्या डॉक्टरबाईंनी मला टेबलाशी बोलावून दाखवलं होतं. साधा रॅश जिथे डायपर घासतं तिथे येतो, म्हणजे ढुंगणाचा फुगीर भाग, मांडीची आतली बाजू. वळीच्या तळाशी कातडी बऱ्याचदा चांगली असते, कारण तिथे डायपर टेकतच नाही. बुरशीचं उलटं. तिला ओल आणि अंधार हवा, म्हणून ती वळीत घर करते. लाल रंग जास्त गडद, कडेला साल सुटलेली, आणि भोवती ते सुटे ठिपके. तू मोहरी म्हणालीस, त्या मला म्हणाल्या होत्या "राजधानीभोवतीची खेडी". ती दिसली की बुरशीचा संशय घ्यायचा. अर्थात फोटो बघून किंवा इथे वाचून ठरवू नकोस, दाखवून घे.

हे होतं कसं तेही त्यांनी सांगितलं होतं. शी आणि शू एकत्र आली की शीतले जिवाणू शूमधल्या युरियापासून अमोनिया करतात. त्याने त्वचेवरचं आम्ल कमी होतं आणि शीतली पाचकद्रव्यं, जी अन्न पचवतात तीच, कातडीला लागतात. जुलाबात ती जास्त येतात. कातडीचा वरचा थर गेला की बुरशीला दार उघडं. ही कँडिडा नावाची बुरशी आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात थोडी असतेच, बाकीचे जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते जिवाणू मरतात, मग ती माजते. तुझ्या लेकीचं कान, औषध, जुलाब, रॅश हे अगदी ओळीने जुळतंय.

आम्हाला नुसतं क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिलं होतं, त्यात स्टेरॉइड नाही. कोमट पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, मऊ पंचाने टिपायचं. मग पाच-दहा मिनिटं काही न लावता हवा लागू द्यायची. ही पाच मिनिटं सगळ्यांत अवघड, कारण जुळी पोरं उघडी सुटली की एक सोफ्याखाली आणि दुसरं स्वयंपाकघरात! मग औषधाचा अगदी पातळ हात, वळीच्या तळापर्यंत. ते मुरलं की वर झिंक ऑक्साइडचा जाड थर. जाड म्हणजे पोळीला तूप लावतो तसा नाही, पुरीवर श्रीखंड घेतो तसा. आणि पुढच्या वेळी तो थर खरवडून काढायचा नाही. शी लागली तेवढाच वरचा भाग पुसायचा, खालचा राहू द्यायचा. मी आधी प्रत्येक वेळी सगळं घासून काढायचे आणि तिथेच कातडी सोलायची.

औषध मात्र लाली गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. आमची लाली पाचव्या दिवशी गेली, औषध चौदा दिवस चाललं.

आजी, तुमच्या लंगोटाबद्दल थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. लंगोट ओला झाल्याबरोबर बदलणारं माणूस घरात असेल तर त्याच्यासारखं काही नाही. पण ओला लंगोट अर्धा तास जरी अंगावर राहिला तरी तो डायपरपेक्षा वाईट, कारण डायपर निदान शू आत ओढून घेतं. पाळणाघरात दहा मुलांमागे दोन ताई असतील तर तिथे डायपरच बरं, फक्त दोन-अडीच तासांनी बदललेलं.

मोगरा_नौपाडा | बुधवार, सकाळी ६:४०

राग कसला? तुझं पटलं. आमच्या घरी तेव्हा सहा बायका होत्या, लंगोट बदलायला कुणी ना कुणी असायचंच. हिच्या घरी ही एकटी.

कोकीळ_खारघर | बुधवार, सकाळी ११:१०

सगळाच रॅश बुरशीचा नसतो म्हणून आमचा अनुभव लिहिते. मुलगा तीन वर्षांचा. शीच्या जागेभोवती रेखल्यासारखं लाल कडं, बाकी सगळं स्वच्छ. शी करताना रडायचा, मग धरूनच ठेवायला लागला, त्यातून बद्धकोष्ठ. मी महिनाभर बुरशीचं मलम लावत बसले. शेवटी डॉक्टरांनी कापसाच्या काडीने नमुना घेतला तर स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू निघाला, जो घशात होतो तोच. त्याला पोटातून अँटिबायोटिक लागलं. म्हणजे इथे मलम लावून काही झालंच नसतं. रात्री खाजवत उठत असेल तर जंतांचंही विचारून घे.

चाफा | शुक्रवार, रात्री १०:३०

काल दाखवून आले. आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले होते, ट्यूब पुढ्यात ठेवली आणि सगळं खरं सांगितलं. सांगताना रडू आलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आठवड्यातून दोन-तीन आया हीच ट्यूब घेऊन येतात."

त्यांनी आधी तिचं तोंड उघडून पाहिलं. मला कळेना, दुखणं खाली आणि हे तोंडात काय बघतायत? गालाच्या आतून पांढरे डाग होते, मला वाटायचं दूध राहिलंय. त्यांनी पुसून दाखवलं, पुसले गेले नाहीत. तीच बुरशी. तोंडासाठी थेंब दिले, खाली नुसतं क्लोट्रिमॅझोल दिवसातून तीन वेळा, वर झिंक, दोन आठवडे. दुधाच्या बाटलीचं निपल रोज उकळायला सांगितलं. आणि बाटली सोडवायला घ्या असंही म्हणाले, ती तर माझीही इच्छा आहे पण सध्या एका वेळी एकच लढाई.

मी विचारलं, नीट औषध करूनही परत आला तर? तर म्हणाले मग रक्तातली साखर बघू, जस्ताची कमतरता आहे का बघू (त्यात तोंडाभोवतीही चट्टे येतात आणि केस गळतात, हिला तसं काही नाही), आणि त्वचेच्या डॉक्टरांचंही मत घेऊ. ताप आला, पू धरला, फोड आले किंवा तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही तर लगेच या म्हणाले.

आता पाळणाघराचं. गेले दोन महिने मी रोज चार डायपर देते आणि संध्याकाळी बॅगेत दोन परत येतात. ते मी बघतही होते, पण "आज कमी शू झाली असेल" असं मनाशी म्हणून सोडून देत होते. दहा तासांत दोन डायपर. हे लिहितानाही छातीत कळ येते.

भातुकली | शुक्रवार, रात्री १०:४१

स्वतःला बोल लावून घेऊ नकोस गं. पण पाळणाघराशी बोल, आणि फोनवर नको, समोर बसून. त्या ताईला रॅश दाखव. बऱ्याचदा त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

गोळीवाली | शुक्रवार, रात्री ११:०५

+१. आणि प्रत्येक डायपरवर पेनने वेळ लिहून दे. १०, १२:३०, ३, ५:३०. कुठलं राहिलं ते लगेच कळतं, आणि "का नाही बदललं" असं विचारायची वेळच येत नाही.

ट्यूब आणि झिंकची डबी वेगळ्या पिशव्यांत दे, नाव लिहून. एका आईने दिलेली डबी दुसऱ्या मुलाला लावलेली मी पाहिलीये. बोट घालून काढायच्या डबीपेक्षा ट्यूब बरी.

ठाणेकर_बाबा | शनिवार, सकाळी ९:००

धुण्याबद्दल एक राहिलं. बुरशीचा रॅश असेपर्यंत कापडी लंगोट आणि टिपायचे पंचे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर कढत पाण्यात भिजवून. आणि पंचा एकदाच वापरायचा, दोरीवर परत टाकायचा नाही. आम्ही लंगोट उकळायचो आणि पंचा तोच चार दिवस, मग बरं कसं होणार?

चाफा | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय, कारण तुम्ही सगळ्यांनी विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी ठिपके विझायला लागले, सातव्या दिवशी वळीत नुसती गुलाबी छटा राहिली. चौदा दिवस पूर्ण केले, एकही वेळ चुकवली नाही. त्यानंतर तीन आठवडे झाले, काही नाही. जिथे साल सुटली होती तिथली कातडी अजून जरा फिकट दिसते, डॉक्टर म्हणाले भरून येईल.

पाळणाघरातल्या ताईंना समोर बसून दाखवलं. त्यांनी पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "मला वाटायचं डायपर भरलं नाही तर बदलायचं नाही, महागाचं असतं ना." त्या माझे पैसे वाचवत होत्या! आता लिहिलेल्या वेळा पाळतात, दुपारच्या झोपेत वीस मिनिटं उघडं ठेवतात, आणि मला रोज सांगतात शी किती वेळा आणि कशी झाली.

गेल्या आठवड्यात तिला परत सर्दी, घसा. मी डॉक्टरांना विचारलं की अँटिबायोटिक लागेलच का, मागच्या वेळी असं असं झालं होतं. ते म्हणाले हे विषाणूचं दिसतंय, दोन दिवस थांबू. थांबलो, उतरलं. लागलं असतं तर दिलंच असतं, पण मग पहिल्या पातळ शीपासून झिंकचा थर सुरू केला असता.

सकाळी अर्धा तास आता गॅलरीत. तिला त्याची इतकी सवय झालीये की उठल्या उठल्या डायपर ओढत "ऊन, ऊन" करत दाराशी जाते. ढगाळ असलं तरी. घरी संध्याकाळचे लंगोट वापरायचं ठरवलंय, पण दुकानात मिळाले ते जाड आणि आतून खरखरीत निघाले. मऊ कुठे मिळतील?

मोगरा_नौपाडा | रविवार, संध्याकाळी ५:३०

विकत घेऊ नकोस. माझ्याकडे तीन जुन्या सुती साड्या आहेत, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. एका साडीत वीसेक निघतात. कंबरेचं माप कळव, आणि नाडीचे हवेत की बंदाचे ते सांग. शिवण बाहेरच्या बाजूला घेते, म्हणजे टोचणार नाही.